१:८७ मापात कोकण रेल्वेचे छोटे स्थानक: आखणी आणि बारकावे

रुळांच्या कडेने (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

एचओ मापाची (प्रत्यक्षाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या प्रतिकृतींची) काही इंजिने आणि डबे माझ्याकडे हळूहळू जमले आहेत. आतापर्यंत सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर रूळ मांडायचे आणि संध्याकाळी उचलून ठेवायचे, एवढ्यावरच हा छंद चालला होता. आता पुण्यातील आमच्या घरात एका खोलीची एक भिंत कायमची वापरायला मिळाली आहे. तिची लांबी ३.६ मीटर आहे आणि खोलीच्या आत जास्तीत जास्त ५५ सेंटिमीटर येता येईल. उजव्या टोकाला काटकोनात वळून खिडकीखालून आणखी १.८ मीटर जाता येते. डाव्या टोकाला दार आहे. ते उघडे ठेवले तर पलीकडच्या पॅसेजमध्ये गाडी चालवण्यापुरती एखादी सुटी फळी जोडता येईल.

या जागेत कोकण रेल्वेवरील एक छोटे क्रॉसिंग स्थानक उभारावे असे मनात आहे. एकेरी मार्ग, एक लूप (गाडी बाजूला उभी करण्याचा जोडरूळ), एक किंवा दोन फलाट, बाहेर रिक्षा आणि एखादी एसटी, मागे डोंगर. गाडी गोल गोल फिरलेली मला पाहायची नाही. एक गाडी लूपमध्ये येऊन थांबावी, दुसरी मुख्य मार्गाने निघून जावी, मग पहिलीने सुटावे, एवढे समाधान पुरे आहे. माझ्याकडे एक डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन, जुन्या बांधणीचे निळे आयसीएफ डबे आणि काही नव्या बांधणीचे लाल एलएचबी डबे आहेत. पुढेमागे रो-रो गाडीही (भरलेले ट्रक वाहून नेणारी) करायची इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एखाद्या खऱ्या स्थानकाची नक्कल करावी की कल्पित स्थानक उभारावे? आपला ब्रॉडगेज मार्ग १६.५ मिलिमीटरच्या तयार रुळांवर दाखवणे कितपत खटकते? गाडी किती डब्यांची धरावी? विजेच्या तारा दाखवाव्यात की टाळाव्यात? फलाटाची उंची आणि रुळापासूनचे अंतर कसे ठरवावे? आणि सर्वांत मोठी धास्ती म्हणजे तांबडी माती, जांभा आणि झाडी. हे सारे परदेशी साहित्य वापरून केले की कोकणाऐवजी भलतेच काही दिसू लागते, असे अनेक प्रतिकृती पाहून वाटले आहे.

सांधेवाला

आपण जागेची मापे आधी दिलीत, हे फार बरे केले. आधी लांबीचा हिशेब करू, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून राहतात.

प्रत्यक्षात पूर्ण लांबीची मालगाडी उभी राहावी म्हणून लूप साधारण सातशे मीटरचा असतो. १:८७ मध्ये त्याचे आठ मीटर होतात, म्हणजे ती गोष्ट आपल्या दोघांच्याही घरात बसणारी नाही. आयसीएफ डबा बफरसह सुमारे २२.३ मीटरचा, म्हणजे प्रतिकृतीत २५.६ सेंटिमीटर; एलएचबी डबा २४ मीटरचा, म्हणजे २७.६ सेंटिमीटर. आपले इंजिन १७.१ मीटरचे, म्हणजे जेमतेम २० सेंटिमीटर. इंजिन आणि पाच आयसीएफ डबे धरले तर दीड मीटर होते. उभ्या गाडीसाठी १६० सेंटिमीटर मोकळी लांबी ठेवा. दोन्ही टोकांचे मध्यम त्रिज्येचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) प्रत्येकी सुमारे २२ सेंटिमीटर घेतील, आणि दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे दूर होईपर्यंत आणखी काही जागा जाईल. असा एकूण लूप २.३ मीटरपर्यंत जातो. उजवीकडच्या वळणासाठी ७५ ते ८० सेंटिमीटर सोडल्यावर भिंतीवर सरळ भाग २.८ मीटर उरतो, म्हणजे स्थानक त्यात नेमके बसते. सहाव्या डब्याचा मोह मात्र धरू नका. चार-पाच डब्यांची गाडी पॅसेंजर म्हणून सहज खपते, आणि दिवा–सावंतवाडीसारख्या गाडीची आठवण करून देण्यासाठी तेवढे डबे पुरतात.

उजवीकडचे १.८ मीटर आणि वळणाचा काही भाग डोंगराआड लपवून तेथे तीन समांतर साठवण रूळ द्या. डावीकडे दारापलीकडे दीड-पावणेदोन मीटरची एकच रूळ असलेली सुटी फळी ठेवा. गाडी फळीवर गेली की अख्खी फळी उचलून फिरवायची, म्हणजे डबे हाताळावे लागत नाहीत. डाव्या टोकाला बोगद्याचे तोंड आणि उजवीकडे कटिंग (डोंगर कापून काढलेली वाट), या दोन्ही गोष्टी कोकण रेल्वेच्या बाबतीत अगदी सहज शोभतात. गाडी कोठे नाहीशी होते, हे लपवण्यासाठी वेगळी युक्ती योजावी लागत नाही.

वळणाबाबत एक इशारा द्यायचा आहे. ७५ सेंटिमीटर त्रिज्येवर एलएचबी डब्याचा मध्यभाग रुळाच्या मध्यरेषेच्या आत सुमारे पाच मिलिमीटर येतो आणि टोके बाहेर जवळजवळ आठ मिलिमीटर जातात. त्यामुळे कटिंगची भिंत मध्यरेषेपासून निदान ३२ मिलिमीटर दूर ठेवा, आणि फलाटाचा कोणताही भाग या वळणावर येऊ देऊ नका. फलाटाला अगदी सरळ रेषेचा कंटाळा येत असेल तर तीन मीटर त्रिज्येचा हलका बाक द्या; तो डोळ्यांना जाणवतो, पण डबे घासत नाहीत.

आता रुळांच्या रुंदीबद्दल. आपला १६७६ मिलिमीटरचा मार्ग १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतो आणि तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. जवळजवळ तीन मिलिमीटरची तूट पडते. आयर्लंडच्या पाच फूट तीन इंची मार्गासाठी तेथील काही हौशी मंडळी १:७६ मापात २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधतात, तसे आपल्यालाही करता येईल. पण मग प्रत्येक इंजिनाची आणि डब्याची चाके बदलावी लागतील आणि आयुष्य सांधे घासण्यातच जाईल. माझे मत असे की १६.५ वरच राहावे आणि रुळांकडे समोरून पाहायची वेळ येणार नाही अशी मांडणी करावी. बाजूने पाहताना ही तूट दिसत नाही, ती फक्त गाडी अंगावर येताना दिसते. (ज्यांना रुंदीच्या अचूकतेचा ध्यास आहे त्यांनी जुन्या मिरज–लातूर बार्शी लाइटकडे वळावे, अडीच फुटी मार्ग १:८७ मध्ये ८.८ मिलिमीटर होतो आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ त्याला जवळजवळ बेतून दिल्यासारखे बसतात.)

स्लीपरकडे मात्र कानाडोळा करू नका. या मार्गावर काँक्रीटचे स्लीपर आहेत, किलोमीटरला १६६० या प्रमाणात धरले तर अंतर ६० सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत सात मिलिमीटर. काँक्रीट स्लीपर असलेले लवचीक रूळ बाजारात मिळतात, तेच घ्या. तपकिरी लाकडी स्लीपर दिसले की गाडी कोणतीही असो, पाहणाऱ्याच्या मनात युरोपातली एखादी जुनी शाखा उभी राहते.

निवृत्त मास्तर

वरच्या प्रतिसादातील हिशेब उत्तम आहे. मी आयुष्यभर स्थानकांवर काम केले असल्याने प्रत्यक्ष व्यवहाराच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

खरे स्थानक घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. खऱ्या स्थानकाची लांबी दाबली की तेथील रहिवाशाला पाण्याची टाकी चुकीच्या जागी दिसते, दुसऱ्याला पूल उलट्या बाजूला वाटतो, आणि चर्चा तेवढ्यातच संपते. कोकणातील एखाद्या वाडीला शोभेल असे नाव निवडा आणि ते रत्नागिरीच्या दक्षिणेला की उत्तरेला, एवढे मनाशी ठरवा. नावाच्या फलकावर पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे येतात: वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्याने नाव बहुधा दोनदा तसेच दिसते. पुष्कळ जण त्यातील एक ओळ गाळतात आणि फलक लगेच खोटा वाटू लागतो. खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहा. असे मोठे फलक फलाटाच्या दोन्ही टोकांना असतात.

काळ ठरवताना एक गोष्ट विसरू नये. ही रेल्वे १९९० च्या दशकात बांधली गेली आणि १९९८ मध्ये पूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. येथे वाफेच्या इंजिनांचे युग कधी नव्हतेच. म्हणून पाण्याचे उंच नळ, हात वर-खाली होणारे जुने सिग्नल, कमानी असलेली दगडी इमारत, यांपैकी काहीही येथे नको. तयार संचांत मिळणाऱ्या सुंदर इमारती बहुतेक व्हिक्टोरियन असतात. त्या घाटाखालच्या किंवा घाटावरच्या जुन्या जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) स्थानकांना चालतील, कोकण रेल्वेला नाहीत. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण होऊन जूनमध्ये त्याचे लोकार्पण झाले. आपल्याकडे डिझेल इंजिन आणि निळे डबे आहेत, तेव्हा २०१० ते २०१८ च्या दरम्यानचा काळ धरावा. तारांचा प्रश्नही सुटतो आणि तांबड्या एलएचबी गाड्यांनाही जागा मिळते. तारा दाखवायच्याच असतील तर सरळ मार्गावर दोन खांबांतील अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर असते, म्हणजे आपल्याकडे सुमारे ८३ सेंटिमीटर. पुष्कळ प्रतिकृतींत खांब वीतभर अंतरावर ठोकलेले असतात आणि सारे दृश्य कुंपणाआडून पाहिल्यासारखे दिसते.

सिग्नल रंगीत दिव्यांचे आणि रुळाच्या डाव्या बाजूला. होम सिग्नल (स्थानकात शिरण्याचा) सांध्यांपासून इतका अलीकडे असतो की तो आपल्या चौकटीच्या बाहेरच राहील. त्यासाठी जागा शोधू नका. स्टार्टर (स्थानकातून सुटण्याचे सिग्नल) मात्र चारही हवेत, दोन्ही दिशांना, मुख्य मार्ग आणि लूप प्रत्येकी एक. स्टार्टरच्या थोडे पुढे, दोन रूळ जवळ येतात तेथे, पांढरी धोक्याची खूण ठेवायला विसरू नका; उभ्या गाडीचे शेवटचे चाक या खुणेच्या आत असले पाहिजे, हा नियम प्रतिकृतीतही पाळला की गाड्या एकमेकींना घासणार नाहीत. स्थानकाजवळ फाटक दाखवणार असाल तर त्याच्या अलीकडे पिवळा फलक लावा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ (सीटी/फाटक). तो फाटकाला खेटून लावू नये. ड्रायव्हरने शिट्टी वेळेत वाजवावी म्हणून तो असतो.

क्रॉसिंगचे दृश्य करणार आहात म्हणून माणसांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण प्रतिकृतीत माणसे कोठेही चिकटवलेली दिसतात. न थांबणारी गाडी मुख्य मार्गाने जाते तेव्हा मास्तर फलाटावर हिरवा झेंडा धरून उभे असतात आणि रुळाच्या दुसऱ्या अंगाला पॉइंट्समन (सांधे सांभाळणारा कर्मचारी) तसाच हिरवा झेंडा धरून उभा असतो. गाडीच्या दोन्ही बाजू नजरेखालून गेल्या पाहिजेत, हा त्यामागचा हेतू. झेंडा हलवायचा नसतो, तो स्थिर धरायचा असतो. म्हणून झेंड्याचा कागद वाऱ्यावर फडफडता न दाखवता किंचित खाली झुकलेला ठेवा. लूपमधील गाडीचे प्रवासी दाराशी आलेले, काही खाली उतरून पाय मोकळे करणारे, एखादा नळावर बाटली भरणारा. पॅसेंजर गाडी क्रॉसिंगला थांबली की सगळे फलाटावर असतात, हे आपण जाणताच. मास्तरांच्या खोलीत दिवा लावा, दार उघडे ठेवा.

फलाटाबद्दल: उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्याकडे नऊ ते साडेनऊ मिलिमीटर. मध्यम उंचीचा ४५५, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. मुख्य फलाट उंच आणि लूपच्या बाजूचा कमी उंचीचा, असे दाखवले तर लहान स्थानकाचा बाज चांगला साधतो. कडेचे अंतर रुळाच्या मध्यापासून प्रत्यक्षात सुमारे १६७० मिलिमीटर, म्हणजे १९.२, डब्याची निम्मी रुंदी १८.७ येते. अर्ध्या मिलिमीटरची फट आपल्याला पेलवणार नाही, २०.५ ठेवा. लांबी दाबावी, पण उंची आणि रुंदी दाबू नये. सहा मीटर रुंदीचा फलाट सात सेंटिमीटर होतो आणि तेवढा तो दिसलाच पाहिजे. चार सेंटिमीटरच्या फलाटावर माणसे, बाक आणि झाडाभोवतीचा पार बसतच नाही.

जांभा

माती आणि झाडी हा माझा प्रांत असल्याने मी तेवढ्यापुरतेच लिहितो.

मास्तरांनी वर्ष ठरवायला सांगितले. मी महिना ठरवायला सांगेन. कोकणाच्या प्रतिकृती फसतात त्या बहुधा येथेच. हिरवेगार डोंगर, फलाटावर आंब्याच्या पेट्या, गणपतीला निघालेली गर्दी आणि फुललेला गुलमोहर, हे सारे एकाच फळीवर असते, आणि कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी काहीतरी चुकल्याचे कळते. आंबा एप्रिल-मेचा. त्या वेळी गवत पेंढ्याच्या रंगाचे असते, सडे (जांभ्याची खडकाळ पठारे) उघडे पडलेले असतात, करवंदीच्या जाळ्या आणि आंबा-काजू-फणस तेवढे गर्द हिरवे राहतात, आणि खडीवर तांबडी धूळ बसलेली असते. गणपतीचा कोकण ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा कटिंगच्या भिंतीही हिरव्या होतात, फलाटाच्या कडेला शेवाळ धरते आणि माती तांबडी न दिसता ओली तपकिरी दिसते. दोन्ही सुंदर आहेत. पण निवड करा. नवख्याला मे सोपा जातो, कारण तांबड्या मातीवर गर्द झाडांचे पुंजके ठेवले की दृश्य आपोआप उठून दिसते, तर पावसाळ्यात हिरव्याच्या दहा छटा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

कटिंगसाठी पांढरे थर्माकोल वापरू नका, त्याचे गोळे सुटतात. बांधकामाच्या दुकानात मिळणारी गुलाबी किंवा निळी एक्सपीएस शीट (घट्ट फोमची) घ्या. रत्नागिरीकडचा सडा म्हणजे काळ्या कातळावर जांभ्याची टोपी, हे लक्षात ठेवून वरचा थर आणि खालचा थर वेगळा कोरा. वरच्या थरावर चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा दाबून फिरवला आणि मग तारेच्या ब्रशने टोचले की जांभ्याची सच्छिद्र पोत येते. रंगवताना आधी संपूर्ण भागाला पातळ काळपट तपकिरी द्या, तो छिद्रांत उतरू द्या, आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशने विटकरी आणि त्यावर अगदी थोडा पिवळसर गेरू. उलट क्रमाने केले तर विटांची भिंत दिसते. खालचा कातळ करडा-काळा ठेवा आणि वरून ओघळलेली तांबडी माती उभ्या रेघांनी त्यावर उतरवा. पावसाने धुतलेल्या कटिंगची हीच ओळख आहे. दरडी रोखणारी जाळी दाखवायची तर लग्नाच्या ओढणीला लावतात ते बारीक नेटचे कापड करडे रंगवून वरून सोडा.

मातीसाठी खरी माती आणावी. गावी गेलात की एक पिशवी भरून घ्या, कढईत कोरडी भाजा, म्हणजे किडे आणि बुरशी जाते, आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळल्यानंतर पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक मातीतून फिरवा. कोकणच्या मातीत आणि काळ्या दगडाच्या चुऱ्यात लोहाचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरीकडे ओढले जातात आणि दातेरी चाकांत जाऊन बसतात. गोंद पडला की माती दोन छटा गडद होते, म्हणून आधी एका पुठ्ठ्यावर करून पाहा आणि लागेल तेवढी पांढरी खडू पूड मिसळा.

झाडांसाठी आंब्याच्या मोहराच्या वाळलेल्या काड्या जमवा. फळ न धरलेला मोहर जूनपर्यंत झाडाखाली पडलेला सापडतो, आणि त्याच्या फांद्या उपफांद्या इतक्या बारीक असतात की तारेचे झाड त्याच्यापुढे काठी वाटते. दोन-तीन काड्या एकत्र बांधून खोड करा, पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून उलटे टांगून वाळवा, मग हिरवा फोमचा चुरा चिकटवा. नारळ मात्र वेगळे प्रकरण आहे. खोड तारेचे, किंचित वाकडे, खाली जाड. झावळ्या जाड कागदाच्या, मधोमध घडी घातलेल्या, कडा कात्रीने तिरप्या कातरलेल्या. एका माडाला वीसेक झावळ्या लागतात आणि खालच्या दोन-तीन वाळक्या, तपकिरी, खोडाला लोंबत्या दाखवल्या नाहीत तर माड प्लॅस्टिकचा वाटतो. उंची सतरा-अठरा सेंटिमीटर ठेवा. स्थानकाच्या आवारात चार माड पुरेत. आगर दाखवायचे असेल तर ते दूर, मागच्या पडद्यावर रंगवा.

इमारतीसाठी दोन मिलिमीटरची सनबोर्ड शीट उत्तम. उतरते छप्पर, मंगळुरी कौले दाखवायची तर कोरुगेटेड कागद न वापरता कौलांच्या ओळी एकावर एक चिकटवा. प्रत्येक ओळ तीन-साडेतीन मिलिमीटरच उघडी दिसू द्या. कंपाउंडची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची करा. चिरा प्रतिकृतीत चार मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर उंच येतो, आणि त्याच्या कडा तासलेल्या असल्या तरी अंग खडबडीत असते.

कट्ट्यावरचा वाचक

फक्त एक भर घालतो. आपण पुण्यातच आहात, तर कोथरूडमधील जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय पाहून या. भाऊ जोशी यांच्या संग्रहातून उभे राहिलेले ते संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील दृश्य आपल्या कल्पनेपेक्षा खूप मोठे आणि वेगळ्या धाटणीचे आहे, पण दिवे मालवल्यावर खिडक्यांतील आणि खांबांवरील उजेड कसा दिसतो, आणि पाहणाऱ्याच्या नजरेची उंची बदलली की दृश्य कसे बदलते, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. आपली फळी जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. वरून पाहिलेले स्थानक खेळणे वाटते.

रुळांच्या कडेने

सर्वांचे मनापासून आभार. मे महिना, २०१५ च्या आसपासचे वर्ष, डिझेल, कल्पित स्थानक, पाच डबे, हे पक्के केले. गुलमोहर एकच आणि तो रिक्षा थांब्यावर. मास्तरांनी सांगितलेले दोन हिरवे झेंडे तर आजच करायला घेतो.

दोन शंका उरल्या. खडी घालताना सांध्यांत गोंद जाऊन ते जाम होतात असे वाचले, त्यावर काय करावे? आणि दोन गाड्या वेगळ्या चालवायच्या म्हणून डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी डिजिटल पद्धत) घ्यावेच लागेल का? त्याशिवाय रो-रो गाडीचे ट्रक किती लावावेत, हेही कोणी सांगावे.

ओहमचा नियम

डीसीसी घेतले तर उत्तम, पण एका लूपसाठी ते आवश्यक नाही. मुख्य मार्ग, लूप, डावीकडचा प्रवेश आणि उजवीकडचा प्रवेश असे चार विभाग करा, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे जोड वापरून रूळ विजेने तोडा आणि प्रत्येक विभागाला एक बटण द्या. लूपचे बटण बंद केले की तेथील गाडी उभी राहते आणि दुसरी मुख्य मार्गाने जाते. क्रॉसिंगचा सगळा खेळ एवढ्यात होतो. वाचलेले पैसे डब्यांना घाला. पुढे डीसीसीकडे जायचे झाले तर हीच वायरिंग सगळी बटणे चालू ठेवून वापरता येते. मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बारीक वायर जोडा. रुळांच्या धातूच्या जोडांवर वीज वाहून नेण्याची भिस्त ठेवू नका, ते आधी सैल होतात आणि मग काळे पडतात.

खडी आधी निवडा. प्रत्यक्षात खडी साधारण ५० ते ६५ मिलिमीटरची, म्हणजे प्रतिकृतीत अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची. एचओ म्हणून विकली जाणारी पुष्कळ खडी याच्या दुप्पट मोठी असते. क्रशरवरचा काळा चुरा चाळून घेतलात तर रंग आणि माप दोन्ही जमते, मात्र वर सांगितलेले लोहचुंबक येथे जास्तच गरजेचे आहे. ती कोरडीच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्यावरून झटका, आणि पूर्ण मनासारखी बसेपर्यंत गोंदाला हात लावू नका. मग पाण्यात चार थेंब भांड्यांचे साबण घालून फवारा मारा, खडी ओली झाली की फेव्हिकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे करून सुईविरहित सिरिंजने थेंबथेंब सोडा. खडी आधी भिजली नसेल तर गोंदाचे मणी होऊन त्याबरोबर खडी वाहून जाते.

सांध्याच्या बाबतीत नियम सोपा आहे: जे हलते त्याच्याजवळ गोंद नाही. हलत्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी यांच्याखाली खडी न घालता फळीच खडीच्या रंगाने रंगवा. पट्ट्यांच्या बिजागरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक बारीक थेंब आधीच सोडा, म्हणजे चुकून आलेला गोंद तेथे धरत नाही. वाळेपर्यंत मधूनमधून सांधा इकडेतिकडे करत राहा.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून सांगतो. रूळ उन्हाने वाढतात असे सगळे म्हणतात आणि तीन मीटर रुळाला पंचवीस अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर वाढ होतेही. पण त्याहून अधिक हलते ती फळी, आणि ती दमटपणाने हलते. प्लायवुड मरीन दर्जाचे घ्या आणि वरून, खालून, कडांना, भोकांच्या आतूनही वॉर्निश लावा. बहुतेक जण फक्त वरची बाजू रंगवतात आणि पहिल्या पावसाळ्यात फळी वाकते. रूळ थंडीत जोडत असाल तर प्रत्येक जोडाशी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा, कडक उन्हाळ्यात जोडत असाल तर जवळजवळ भिडवले तरी चालेल.

फलाटावरचे दिवे पांढरे, थंड झाकेचे ठेवा. २०१५ मध्ये लहान स्थानकांवर ट्यूबलाइट सर्रास होत्या. मास्तरांच्या खोलीतही तसाच. पिवळसर दिवा फक्त बाहेरच्या चहाच्या टपरीत. बारा व्होल्टवर प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावलात तरी उजेड जास्तच होतो, तीन ते पाच किलोओहम लावून पाहा.

निवृत्त मास्तर

रो-रोबद्दल राहिले होते. ही सेवा १९९९ मध्ये कोलाडहून सुरू झाली. ट्रक सपाट वाघिणींवर (मालडब्यांवर) स्वतः चालत चढतात आणि ड्रायव्हर-क्लीनर बहुधा आपापल्या ट्रकमध्येच बसून प्रवास करतात. वाघीण प्रतिकृतीत सुमारे १७ सेंटिमीटर येते आणि तिच्यावर एक मोठा ट्रक बसतो. आपल्या लूपमध्ये इंजिनासह सात वाघिणी मावतील. ट्रकांच्या चढउतारासाठी रॅम्प करू नका, तो कोलाडसारख्या ठिकाणी असतो, क्रॉसिंग स्थानकावर नाही. गाडी येथे फक्त मार्ग मिळण्याची वाट पाहत उभी राहील. एका ट्रकच्या दाराशी पाय खाली सोडून बसलेला क्लीनर दाखवा, आणि दुसऱ्या ट्रकच्या आरशाला वाळत घातलेला टॉवेल. ट्रक सगळे एकाच राज्याच्या क्रमांकाचे नसावेत. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, गुजरात असे मिसळा, आणि ताडपत्रीचे दोर वाघिणीच्या कडेपर्यंत लोंबू देऊ नका, फलाटाच्या कडेला अडकतील.